डेड स्टॉक ठरवलेली साळ

"तुझ्या रिपोर्टप्रमाणे माझं गाव उपाशी आहे," असेप म्हणाला. हसत म्हणाला, म्हणून जास्तच लागलं.

२००६च्या सुमाराची गोष्ट. मी नेदरलँड्समध्ये, ब्रेडातल्या एका कंपनीत गोदामांचं सॉफ्टवेअर करायचे. एका मदतसंस्थेचं काम आलं होतं: इंडोनेशियात, पश्चिम जावातल्या सुंदा लोकांच्या एका गावात किती धान्य शिल्लक आहे ते सांगा. कमी निघालं तर गावाची जुनी कोठारं पाडून सिमेंटचं गोदाम बांधायचं ठरलं होतं. असेप त्याच गावचा. डेल्फ्टला पीएचडी करायचा. साठ्याचे आकडे त्यानेच आणले होते.

माझ्या सिस्टिमने बहुतेक साठा 'डेड स्टॉक' ठरवला. म्हणजे नुसता पडून असलेला, निरुपयोगी माल. नियम मीच घातलेला: वर्षावरचं धान्य शून्य धरायचं.

"अरे, तीन वर्षांची साळ कोण खातं?"

"आम्ही. आम्ही ती झोडपत नाही. लोंब्यांच्या पेंढ्या बांधतो, वाळवतो आणि लेउइतमध्ये ठेवतो." लेउइत म्हणजे त्यांचं खांबांवर उभं केलेलं कोठार. "दाणा तुसात राहतो, टिकतो. ही साळ विकायची नाही. ज्याच्या घरची संपते तो गावाच्या लेउइतमधून नेतो, पीक आलं की परत आणून ठेवतो."

लंच ब्रेक होता. माझ्या डब्यात आंबेमोहोराचा भात. पुण्याहून येताना दुकानदाराला बजावून घेतलेला: "जुनाच द्या हं, नवा चिकट होतो." आणि इथे बसून मी जुन्या धान्याला कचरा ठरवत होते! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बॉसकडे गेले. रुड म्हणाला, "उद्या प्रेझेंटेशन आहे. आकडे बदलले तर चूक आपली दिसेल."

"आपलीच आहे."

त्याने रिपोर्ट माझ्याकडे परत सरकवला. "मग पहिल्याच स्लाइडवर लिही."

लिहिलं. दुसऱ्या दिवशी प्रेझेंटेशनमध्ये तेच आधी वाचलं. संस्थेच्या बाईंनी असेपला विचारलं, "म्हणजे गोदाम नको?"

"नको. छपरं गळतात, तेवढी शाकारून द्या."

बरीच वादावादी झाली, पण शेवटी छपरंच झाली.

पुढच्या वर्षी तिथलं पीक बुडालं. असेपचा एका ओळीचा मेल आला: "गाव तुझा डेड स्टॉक जेवतंय."

तेव्हापासून सिस्टिममध्ये नियम घालण्याआधी मी स्वतःचा डबा उघडून बघते.