खिलाडूवृत्तीचं बक्षीस

त्या मे महिन्याच्या शेवटी आमच्या लातूरच्या घरातल्या सगळ्या पुरुषांना अचानक टेनिस कळायला लागलं होतं. परदेशातली ती लाल मातीवरची मोठी स्पर्धा टीव्हीवर चालू होती आणि पहिल्याच फेऱ्यांत मोठमोठे खेळाडू पालथे पडत होते. दुपारी कापडाचं दुकान जरा वेळ बंद करून सासरे आणि नवरा जेवायला आले की ताट घेऊन टीव्हीसमोरच बसायचे. एके दिवशी जगात पहिल्या चार-पाचांत गणला जाणारा एक जण, ज्याचं नाव कुणी ऐकलेलं नाही अशा पोराकडून हरला. हरता हरता त्यानं रॅकेट आपटून मोडली, उंच खुर्चीवरच्या पंचाला बोट दाखवून नाही नाही ते बोलला, आणि शेवटी जिंकलेल्या पोराचा हातही हातात न घेता तरातरा निघून गेला. मी म्हटलं, काय हा माणूस! सासरे भाकरी मोडत म्हणाले, "वाघ हाय त्यो. वाघ हरला की चिडनारच." नवऱ्यानं मान डोलावली आणि वरण मागितलं.

माझी लेक तेव्हा सोळा वर्षांची होती. दहावी नुकतीच झालेली, टेनिस सातवीपासून चाललेलं. लातुरात दहावी झाली की पोरं पोरं राहत नाहीत, त्यांचे मार्क होतात. घरात ठरलं होतं की हा उन्हाळा शेवटचा. नांदेडच्या स्पर्धेत काही करून दाखवलं तर अकरावी-बारावी सांभाळून खेळ चालू, नाहीतर रॅकेट माळ्यावर आणि पोरगी क्लासात. हे सासऱ्यांनी ठरवलं, नवऱ्यानं मान हलवली, मला कुणी विचारलं नाही. पोरगी मात्र महिनाभर उजाडायच्या आत उठून कोर्टावर जात होती. तिच्या तळहाताला घट्टे पडले होते, आणि तिला ते घट्टे कुणाला तरी दाखवायची हौस होती. बघायला घरात मी एकटीच.

तर आम्ही दोघी बसनं नांदेडला गेलो आणि नणंदेकडे उतरलो. पहिला सामना ती सहज जिंकली. दुसऱ्या फेरीत समोर आली पुण्याची मुलगी, स्पर्धेतलं पहिलं मानांकन असलेली. तिच्या वडिलांनी कुंपणाच्या जाळीपलीकडे घडीची खुर्ची मांडली, छत्री लावली, बर्फाचा डबा ठेवला. मी एका लिंबाच्या झाडाखाली बसले. माझ्या शेजारी बुरख्यातली एक नांदेडचीच बाई होती, तिची मुलगी पलीकडच्या कोर्टावर खेळत होती. तिनं न मागता मला पाण्याची बाटली दिली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मुलांच्या या स्पर्धांत प्रत्येक कोर्टावर पंच नसतो. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, हे ज्याचं त्यानं सांगायचं. एकच पंच सगळ्या कोर्टांवर फिरत असतो, बोलावलं तर येतो. कोर्ट मातीचं असल्यामुळे चेंडू पडला की खूण उमटते, शंका आली तर ती खूण दाखवायची. म्हणजे सगळा खेळ इमानावर. माझ्या लेकीला तिच्या सरांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, शंका असेल तर चेंडू समोरच्याचा.

पुण्याची मुलगी चांगली खेळत होती, खोटं कशाला बोलू. पण पहिला सेट जिंकूनही दुसरा तिच्या हातून निसटायला लागला तसं तिचं बोट वर जायला लागलं. आऊट. पुन्हा आऊट. वडिलांनी टोपीला हात लावला की इकडे बोट वर. मला टेनिसमधलं फार कळत नाही, पण पांढऱ्या रेषेच्या कुठल्या बाजूला धूळ उडाली हे कुणालाही दिसतं. तरी माझ्या लेकीनं तो सेट घेतला. तिसऱ्या सेटमध्ये तिनं एक चेंडू असा मारला की तो कोपऱ्यात रेषेच्या चांगला आत पडला. बोट वर गेलं. माझी लेक जाळीपर्यंत गेली आणि शांतपणे म्हणाली, "खूण दाखव ना." त्या मुलीनं तिच्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि बुटानं ती खूण पुसून टाकली. माती सारखी केली. वर म्हणाली, "कुठंय खूण?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पंच आला, खूण नाही म्हणाला, आऊट कायम ठेवला. खूण पुसली तर गुण समोरच्याला द्यायचा असतो, हे मला नंतर सरांनी सांगितलं. त्या पंचाला ते ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. माझ्या शेजारची बाई उठून कुंपणाशी गेली आणि म्हणाली, "साब, मैं अपनी आँखां से देखी. पाँव से मिटा दी वो." पंच म्हणाला, "बाहेरच्यांनी बोलायचं नाही." आणि बाकी जी पंधरा-वीस माणसं तिथं होती, पोरांचे आईबाप, प्रशिक्षक, संयोजकांची माणसं, ज्यांनी ज्यांनी पाहिलं, ती सगळी मूग गिळून बसली.

त्यानंतर माझ्या लेकीनं रेषेजवळ मारणंच सोडून दिलं. प्रत्येक चेंडू कोर्टाच्या मधोमध, जिथे बोट वर करायला कुणाची छाती होणार नाही अशा जागी. अशानं समोरचीला सगळं सोपं जातं, म्हणून ही दुप्पट पळत होती. त्या उन्हात, त्या मातीत, माझी पोरगी पळून पळून जिंकली. पहिल्या मानांकनाच्या मुलीला हरवलं! स्पर्धेतला सगळ्यात धक्कादायक निकाल. आता बाकीच्यांचे मोबाइल वर झाले होते, तशी ती पुण्याची मुलगी हसत हसत जाळीपाशी आली आणि तिनं हात पुढे केला. माझ्या लेकीनं त्या हाताकडे पाहिलं. रॅकेट पिशवीत घातली, पाण्याची बाटली उचलली आणि बाहेर आली.

नणंदेच्या घरी पोचल्यावर मी नवऱ्याला जिंकल्याचं सांगायला फोन काढला, तर त्याचाच आला. त्या मुलीच्या बापानं व्हिडिओचा तेवढाच तुकडा पसरवून दिला होता. हसरी मुलगी, पुढे केलेला हात, पाठ फिरवून चाललेली माझी लेक. चोराच्या उलट्या बोंबा! तो तुकडा कुण्या पाहुण्याच्या ग्रुपवर, तिथून समाजाच्या ग्रुपवर, तिथून आमच्या दुकानात पोचला होता.

"हात का न्हाई मिळवला तिनं? लोकं काय काय बोलून राहिले, माहीत हाय का तुला?" नवरा म्हणाला.

"जिंकली ती. आधी ते तर विचारा."

"जिंकली तर जिंकली. संस्कार कुठं गेले?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच नवरा आणि सासरे गाडी करून नांदेडला हजर झाले. नणंदेच्या दारातच सासऱ्यांनी निकाल दिला. सगळ्यांसमोर त्या मुलीची माफी मागायची, नाहीतर आत्ताच्या आत्ता गाडीत बसायचं आणि टेनिस बंद. सरही तिथं आले होते. चांगला माणूस, पण पुढच्या स्पर्धेत त्यांना आणखी मुलं उतरवायची होती. ते म्हणाले, "ताई, सॉरी म्हणून टाकू. दोन मिनिटांचं काम."

मी तोंड उघडलं ते मग बंद केलं नाही. म्हटलं, मामंजी, परवा टीव्हीवर त्या बाप्यानं रॅकेट मोडली, पंचाला शिव्या दिल्या, हात मिळवला नाही, तर तो वाघ. आणि हिला त्या पोरीनं दिवसाढवळ्या लुबाडलं, हिनं एक शिवी दिली नाही, एक आवाज केला नाही, नुसता लबाड हात हातात घेतला नाही, तर हिचे संस्कार गेले? चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच का?

"त्ये बाहेरच्या देशातलं हाय," सासरे म्हणाले. "आन् ही पोरीची जात. आपल्याला लोकांत ऱ्हायचं हाय."

नवरा मला म्हणाला, आवाज खाली घे. मी घेतला नाही. नणंदेनं खिडक्या लावल्या. आमचं असं पेटलेलं असताना लेक आतून कपडे करून, बूट घालून आली आणि म्हणाली, "मी म्हणते सॉरी. तुम्ही भांडू नका." तिचा आवाज अगदी साधा होता, दुकानातून दूध आणते म्हणावं तसा.

कोर्टावरच्या मांडवात माफीचा कार्यक्रम झाला. हो, कार्यक्रमच. मोबाइल धरलेले होते. माझी लेक सॉरी म्हणाली. ती मुलगी मोठ्या मनानं "इट्स ओके" म्हणाली. तिच्या बापानं, टोपीला लावायच्या त्याच हातानं, माझ्या लेकीच्या डोक्यावर थोपटलं. सासरे हात जोडून उभे होते. त्या क्षणी माझ्या हातात काही असतं तर मी काय केलं असतं, सांगता येत नाही.

तासाभरात पुढचा सामना होता, सोलापूरच्या एका मुलीशी. ही मुलगी सरळ होती, खेळानंही बेताची. पहिलाच तिचा चेंडू वीतभर बाहेर पडला. माझ्या लेकीनं तो परत मारला. मला वाटलं, ओघात मारला असेल. मग सर्व्हिस बाहेर पडली, ती पण हिनं खेळून काढली. मग एक चेंडू बाहेर पडला आणि हिला पोचताच आलं नाही. ही काही न बोलता पुढच्या सर्व्हिससाठी जागेवर जाऊन उभी राहिली. सोलापूरची मुलगीच गोंधळली. तिनं विचारलं, "अगं, आऊट होता ना तो?" माझी लेक म्हणाली, "नाही, आत होता."

आणखी एक गेला. आणखी एक. मी कुंपणाला धरून ओरडले, "बाहेर पडला तो! बोल की गं!" फिरता पंच आला आणि मला ताकीद देऊन गेला. लेकीनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आई, बस तू खाली." ती पळत होती, घाम पुसत होती, चांगले फटके मारत होती. फक्त तिनं बोट वर केलं नाही. अख्ख्या सामन्यात एकदाही नाही. ती हरली, आणि समोरच्या मुलीचा हात दोन्ही हातांत घेऊन तिनं मिळवला.

संध्याकाळी बक्षीससमारंभात संयोजकांनी तिला बोलावून एक चषक दिला. उत्कृष्ट खिलाडूवृत्तीसाठी! टाळ्या किती पडल्या म्हणून सांगू. कालपासून गप्प बसलेली सगळी माणसं टाळ्या वाजवत होती. सासऱ्यांची छाती भरून आली. "असं खेळावं पोरीनं," ते म्हणाले, "लई गुणाची हाय माझी बाय. हारजीत काय, चालूच असती. खेळू द्या तिला हिथून पुढं. माझी काय ना न्हाई." म्हणजे जे मागायला आम्ही नांदेडला गेलो होतो ते आम्हाला मिळालं. चषक दुकानात गल्ल्याच्या मागे, देवाच्या फोटोशेजारी लागला. येणाऱ्या गिऱ्हाइकाला सासरे साडी उलगडण्याआधी तो दाखवायचे.

आणि पोरगी खेळायची बंद झाली. कुणी अडवलं नव्हतं. सासरेच म्हणायचे, "जा की गं, आता कोन अडवून ऱ्हायलंय तुला?" ती म्हणायची, "नको वाटतंय, आबा." घरातही तिचं तसंच झालं. भाजी खारट झाली तरी छान झाली म्हणायची. धाकट्या चुलतभावानं तिचा मोबाइल पाडून फोडला तर म्हणाली, जाऊ दे, माझीच चूक. सगळे म्हणायचे, किती समजूतदार झाली पोरगी. मला ते बघवत नव्हतं. ओरडणारी, दार आपटणारी, माझ्याशी वाद घालणारी माझी लेक त्या मांडवात राहून गेली होती, आणि इकडे सगळे मिळून तिच्या नसण्याचं कौतुक करत होते.

एके सकाळी मी तिला उठवलं, हाताला धरून कोर्टावर नेलं. सरांची परवानगी काढून ठेवली होती. तिच्या हातात रॅकेट दिली आणि स्वतः चेंडूंची बादली घेऊन जाळीच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिले. मला रॅकेट धरता येत नाही. मी हातानंच एक चेंडू फेकला, मुद्दाम रेषेच्या हातभर बाहेर.

"बोल," मी म्हटलं.

तिनं रॅकेट खाली टेकवली. "आई, काय करून राहिलीस?"

मी दुसरा फेकला. आणखी बाहेर. "बोल. कुठं पडला?"

"आई, चल घरी."

तिसरा. चौथा. माझा खांदा दुखायला लागला. मला रडू येत होतं आणि संतापही येत होता, त्या पुण्याच्या बापाचा, पंचाचा, मामंजींचा, नवऱ्याचा, सगळ्यांचाच. तो सगळा त्या चेंडूंत घालून मी फेकत होते. "बोल! तुझ्या बाजूला पडलाय, तू नाही सांगणार तर कोण सांगणार?"

"आऊट," ती पुटपुटली.

"ऐकू नाही आलं."

"आऊट."

"अजून नाही आलं."

"आऊट!" तिचा आवाज फुटला. मग मी फेकत गेले आणि ती ओरडत गेली. बोट वर करून, रडत रडत, प्रत्येक चेंडूला. झाडू मारणाऱ्या मावशी थांबून बघायला लागल्या. मला आता थांबायचं भान नव्हतं. पुढचा चेंडू माझ्या थकलेल्या हातून जरा आखूड सुटला, आणि तो पडतोय न पडतोय तोच मीच किंचाळले, "आऊट! बोल, आऊट!"

तिचं बोट वर गेलं नाही. चेंडू पडला तिथं ती गेली, वाकून पाहिलं. मग बाहीनं डोळे पुसले आणि जितक्या जोरात इतका वेळ ओरडत होती तितक्याच जोरात माझ्यावर ओरडली, "नाही! रेषेवर पडलाय. आत आहे हा, आई. आत म्हणजे आत!"

मी बादलीतून पुढचा चेंडू घेतला.