डॅशबोर्डवरची लाल पट्टी

स्क्रीनवर दोन गोल होते. एका गोलासमोर कुलपाचं चित्र, दुसऱ्यासमोर पृथ्वीचं. दोन्हीपुढं इंग्रजीत एकेक ओळ. पावणेचार वाजले होते आणि चारला कस्टमरची माणसं यायची होती. मी पृथ्वीवर दाबलं.

का दाबलं ते सांगतो.

वाळूजला रबराचे सील बनवणारी एक छोटी कंपनी आहे, तिथं मी इन्स्पेक्शनला आहे. एकदा रिटायर झालो, मुळे साहेबांनी परत बोलावलं. साहेब म्हणजे कंपनीचे मालक. सील म्हणजे इंजिनातलं तेल गळू नये म्हणून बसवायची रबरी रिंग. गरम प्रेसमध्ये साचा असतो, त्यात रबर घालायचं, दाबायचं, शिजवायचं. नीट शिजलं नाही तर पीस कच्चा राहतो, बोटाला चिकटतो. असा पीस बाजूला काढला की ते रिजेक्शन. कोणत्या प्रेसवर, कोणाच्या हातून, किती रिजेक्शन झालं ते रजिस्टरला लिहिणं हे माझं काम. ते मी तीस वर्षं केलं.

साहेबांना आता ते रजिस्टर भिंतीवरच्या टीव्हीवर पाहिजे होतं. त्यासाठी एक सॉफ्टवेअर घेतलं. त्यात एक्सेलची शीट जोडली की ते आपोआप रंगीत पट्ट्या काढतं. चांगलं काम हिरवं, जास्त रिजेक्शन लाल. याला डॅशबोर्ड म्हणतात. पण त्याआधी त्या सॉफ्टवेअरमध्ये कंपनीचं अकाउंट उघडावं लागतं. कॉम्प्युटरवाले भाऊसाहेब लग्नाला गेले होते. साहेब मला म्हणाले, आकडे साळव्यांचे, मग अकाउंटही साळव्यांच्याच नावानं उघडा. पुण्याच्या एजन्सीतल्या प्राची मॅडम फोनवरून सांगतील तसं करा.

साहेबांना पट्ट्या माणसांच्या नावानं पाहिजे होत्या. मी म्हणालो, चार नंबर प्रेसचा हीटर एका बाजूनं गेलाय, तिथं संगीता आहे, तिचं रिजेक्शन उगाच जास्त दिसंल. साहेब म्हणाले, मला माहितीये, हीटर मागवलाय, कस्टमरला टीव्हीवर नुसते एकूण आकडे दाखवू, नावांचं हे आपल्या आपल्यातच राहणार आहे.

प्राची मॅडम चांगल्या सांगत होत्या. नाव टाका, कंपनीचा ईमेल टाका, पासवर्ड ठरवा. फोनवर आलेला आकडा टाका. इथवर जमलं. शीट जोडली. पट्ट्या दिसल्या. मला लहान पोरासारखा आनंद झाला. मग त्या म्हणाल्या, काका, मला दुसरी मीटिंग आहे. आता एकच राहिलंय. हे कोण पाहू शकेल असं विचारेल. वाचून बरोबर ते निवडा, आणि आलेली लिंक तुमच्या ग्रुपवर टाका. ज्याचं अकाउंट आहे त्यालाच ती उघडेल.

"समजलं ना काका?"

"समजलं," मी म्हणालो.

काय समजलं होतं? माझं शिक्षण सातवी. इंग्रजीची अक्षरं ओळखतो, आकडे आणि पार्ट नंबर धडाधड वाचतो. वाक्य आलं की थांबतो. ही गोष्ट कंपनीत कोणालाच माहीत नव्हती. तीस वर्षांत कळू दिली नाही.

कशी नाही कळू दिली? इंग्रजी कागद हातात आला की मी म्हणायचो, उद्या सांगतो. कागद पिशवीत घालायचो आणि गारखेड्याला घरी आणायचो. बायको वाचायची. कांता अजिंठ्याची. दहावी पास, पण इंग्रजी पक्कं. पोळ्या झाल्या की पाटावर बसून कागद वाचायची, मराठीत सांगायची. मी सकाळी कंपनीत जाऊन तेच बोलायचो. लोक म्हणायचे, साळवे मामा घाईत सही करत नाहीत, विचारी माणूस आहे. एकदा कस्टमरच्या पत्रातलं चुकीचं माप तिनंच पकडलं. हजारो पीस वाया जायचे वाचले. सत्कार माझा झाला. शाल मी घेतली, हार मी घेतला, दोन शब्द बोलायला उभा राहिलो आणि तिचं नावसुद्धा काढलं नाही.

कांता दिवाळीच्या आधी गेली. ताप आला म्हणून घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेली, नवव्या दिवशी परत आणली ती तशीच.

आणि कॉम्प्युटर काही पिशवीत मावत नाही. त्या दोन गोलांसमोर मी एकटाच होतो. शेजारच्या खोलीत अकाउंटंट बाई होत्या. चार पावलं चालून विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. मी डोकं चालवलं. कुलूप म्हणजे बंद. बंद केलं तर चार वाजता टीव्हीवर उघडायचं नाही, कस्टमरसमोर साहेबांची फजिती होईल. पृथ्वी म्हणजे चालू. दाबली पृथ्वी. लिंक आली, ती ग्रुपवर टाकली. ग्रुप म्हणजे आमचा रोजचा डिस्पॅचचा ग्रुप. त्यात साहेब आहेत, मी आहे, लेबर पुरवणारे गायके ठेकेदार आहेत, आणि कस्टमरचे इन्स्पेक्टरही आहेत.

चार वाजता टीव्हीवर एकूण आकड्यांचं पान झकास चाललं. साहेबांनी पाठ थोपटली. "साळवे, या वयात तुम्ही हे शिकलात," असं सगळ्यांसमोर म्हणाले. मी मान खाली घालून हसलो.

मंगळवारी सकाळी संगीता गेटवरच उभी दिसली. संगीता ढगे गंगापूरच्या पलीकडून जीपनं येते, घरात कमावणारी तीच. गायकेंनी तिला आत सोडू नका म्हणून वॉचमनला सांगितलं होतं. तिनं मला विचारलं, "मामा, काय झालं वो? मला काहीच सांगना गेलेत." मी म्हणालो, बघतो.

आत जाऊन बघितलं. गायके मोबाईल पुढं करून साहेबांसमोर उभे. स्क्रीनवर आमचा डॅशबोर्ड. सगळ्या पट्ट्या हिरव्या, एक लालभडक, तिच्यावर संगीताचं नाव. कस्टमरच्या इन्स्पेक्टरनी लिंक उघडली होती आणि विचारलं होतं की ही बाई कोण, एवढं कच्चं काम करणाऱ्या माणसाचे सील आम्ही इंजिनात बसवायचे का. हीटरचं त्यांना कुठून माहीत असणार? आम्हाला आतल्यांना माहीत होतं. पट्टीवर हीटर लिहिलेला नव्हता.

साहेब चक्रावले. हे बाहेर दिसलंच कसं? त्यांनी प्राची मॅडमना फोन लावला, स्पीकरवर. तुमच्या सॉफ्टवेअरला भोक आहे, माझ्या कंपनीची अब्रू चव्हाट्यावर आणली, पैसे घेता आणि कुलूपसुद्धा लावत नाही. पोरगी सॉरी सर, सॉरी सर म्हणत होती. मी बघते म्हणाली आणि तिथल्या तिथं लिंक बंद केली.

साहेबांनी कुलूप हा शब्द काढला तेव्हाच मला कळलं. कुलूप म्हणजे बंद नाही, आपल्यापुरतं. पृथ्वी म्हणजे चालू नाही, सगळ्या जगाला. मी तिथंच उभा होतो, टेबलाला हात टेकून. तोंड उघडलं नाही.

साहेब गायकेंना म्हणाले, बाईचं नंतर बघू, आधी कस्टमर शांत होऊ द्या. गायके म्हणाले, मी दुसरी लावलीय, काळजी नको. दुपारी मी गेटवर गेलो तर वॉचमन म्हणाला, ती बाई बारा वाजेपर्यंत तुमची वाट बघत होती.

संध्याकाळी घरी आलो. कांताचा फोटो भिंतीवर आहे. मी त्या फोटोला म्हणालो, तू मेलीस म्हणून हे झालं. हे लिहायला नको होतं, पण झालं तसं सांगतोय. नऊ दिवस तापानं फणफणलेली बाई, तिच्यावर मी दोन गोलांचं खापर फोडलं. जेवण गेलं नाही. तरी बुधवारी सकाळी डोक्यात हेच होतं की अजून कोणाला कळलेलं नाही.

अकरा वाजता प्राची मॅडमचा फोन आला. माझ्या मोबाईलवर, साहेबांच्या नाही.

"काका, मी हिस्टरी पाहिली. अकाउंटवर कोणी कधी काय दाबलं ते त्यात राहतं."

मी फोन घेऊन शेडच्या बाहेर आलो.

"सोमवारी तीन सत्तेचाळीसला तुमच्या लॉगिननं पब्लिक केलंय. आमच्याकडून चूक नाही झालेली. माझे सर मला विचारतायत. मी सांगू की तुम्ही सांगता?"

"मी सांगतो."

"आज सांगाल ना?"

मुलगी माझ्या नातीच्या वयाची. काल भर स्पीकरवर माझ्या वाटणीचं ऐकून घेतलं, आणि वर मलाच वेळ देत होती. त्या फोननंतर मी केबिनमध्ये गेलो. स्वतःहून गेलो असं कोणाला वाटू नये म्हणून हे लिहिलं. तिचा फोन आला नसता तर मी गेलो असतो का? माहीत नाही.

साहेबांना म्हणालो, साहेब, ते मी केलं. त्यांना वाटलं घाईत चुकून बोट पडलं. म्हणाले, होतं हो साळवे, बोलायचं ना मग.

"बोट चुकलं नाही साहेब. मला इंग्रजी वाचता येत नाही."

"म्हणजे?"

"वाक्य वाचता येत नाही. कधीच येत नव्हतं."

"अहो, तीस वर्षं तुम्ही कस्टमरची पत्रं..."

"बायको वाचायची. ते पत्र तिनं पकडलं होतं. ती शाल पण तिचीच होती."

साहेबांनी हातातल्या पेनाला टोपण लावलं. चिडतील असं वाटलं होतं. काढून टाकतील असंही वाटलं होतं. ते एवढंच म्हणाले, "साळवे, मला पण आधी नीट यायचं नाही. मी क्लास लावला होता." त्यानं मला जास्तच मेल्यासारखं झालं. तीस वर्षं ज्याला भीत होतो ते दोन मिनिटांत संपलं. आणि तेवढ्या भीतीपायी ती बाई दोन दिवस घरी बसली होती.

साहेबांनी माझ्यासमोर प्राची मॅडमना फोन करून माफी मागितली. मग गायकेंना लावला. गायके म्हणाले, नवी बाई रुळली, आता परत कुठं बदलाबदली. साहेब म्हणाले, बदला. गायके म्हणाले, मग तिला निरोप तुम्हीच द्या, मी फोन केला तर उचलत नाही.

गुरुवारी मी एसटीनं गेलो. गंगापूरला उतरलो, तिथून जीप. संगीता दारात कापसाच्या सरक्या निवडत होती. पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, उभ्यानंच. कुलूप, पृथ्वी, न येणारं इंग्रजी, केबिन. ती खाली बघून ऐकत होती.

"हीटरचं तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"व्हय."

"मी गेटवर उभी व्हते तवाबी ठाऊक होतं."

"व्हय."

"मला वाटलं, मामा आत गेलेत, आता सांगतील. लई येळ थांबले मी, मामा. हितं गावात सांगितलं की मशीन बंद हाय म्हणून आले. काढलं म्हणून नाय सांगितलं."

मी म्हणालो, साहेबांनी बोलावलंय, उद्यापासून ये. सहा नंबरवर ये, त्याचा हीटर चांगला आहे.

"येईन की. काम पायजेच," ती म्हणाली. "पण माझं नाव जितक्यांनी लाल बघितलं तितक्यांना सांगा. तुमच्या तोंडानं सांगा. साहेबांच्या नको."

मला टाईप करायला वेळ लागतो. तिच्या दारातच बसून ग्रुपवर व्हॉइस मेसेज केला. मी साळवे बोलतोय. सोमवारची लिंक माझ्या चुकीनं सगळ्यांना दिसली, कारण मला इंग्रजी वाचता येत नाही आणि मी कोणाला विचारलं नाही. चार नंबर प्रेसचा हीटर खराब आहे, ते आम्हाला आधीपासून माहीत होतं. संगीता ढगेंचं काम चांगलं आहे. त्यांना दोष लागला तो माझ्यामुळं. एवढं बोलून बोट सोडलं. तिनं मेसेज परत लावून पूर्ण ऐकला, मग सरक्यांकडं वळली. चहाचं काही विचारलं नाही. ते बरोबरच होतं.

कस्टमरच्या इन्स्पेक्टरनी नुसता अंगठा टाकला. गायकेंनी काहीच नाही.

शुक्रवारी संगीता कामावर आली. आता सहा नंबरला आहे, रिजेक्शन जवळपास नसतंच. माझ्याशी कामापुरतं बोलते. आधी डब्यातली चटणी पुढं करायची, ते थांबलं. प्रेसवरच्या बायका मला अजून मामाच म्हणतात, पण कागद आला की आता आधीच मराठीत सांगतात. त्यांना बरं करतोय असं वाटतं. मला ते टोचतं, पण ऐकून घेतो.

डॅशबोर्ड आता मशीनच्या नंबरनं चालतो, माणसांची नावं काढली. पुढच्या महिन्यात दुसऱ्या एका सॉफ्टवेअरचं अकाउंट उघडायला साहेबांनी परत मलाच बसवलं. दर ओळीला उठून अकाउंटंट बाईंना विचारलं. त्या वैतागल्या, पण सांगितलं.

नवीन अकाउंट उघडणाऱ्याला माझं सांगणं एवढंच. हे कोण पाहू शकेल असं स्क्रीन विचारतं, तिथं चित्र बघून दाबू नका. वाचता येत नसेल तर शेजारच्याला म्हणा, हे काय लिहिलंय? तीन शब्द लागतात. मी ते बोललो नाही, आणि संगीताच्या हजेरीत तीन दिवस कोरे आहेत.