भिंत सोडायची नाही

भूत, चकवा, मुंजा... यातलं काहीही मी कधी मानलं नाही. उलट शिबिरात भुताच्या गोष्टी सांगून पोरांची झोप उडवणारा माणूस मीच! त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय. आणि अंगावर काटाही येतोय, तेही खरं.

ठिकाण – सुरत, गोडादरा. पत्र्याचं जुनं लूमचं शेड, आता कापडाच्या गाठींचं गोडाऊन. खिडकी नाही, एकच शटर. मे महिना, रविवारची सकाळ. आमच्या मुलांच्या स्काउट पथकात काम करणाऱ्या मोठ्यांनाही दर उन्हाळ्यात प्रशिक्षण घ्यावं लागतं. त्या दिवशीचा धडा होता, धूर भरलेल्या खोलीतून मूल शोधून आणायचं. धुराऐवजी डोळ्यांवर पट्टी. डावा हात भिंतीला लावून रांगत जायचं.

आमचे ट्रेनर जिग्नेशभाई, पक्के सुरती. "नाना, कुछ भी हो, दीवार छोडनी नहीं. छोडी तो आप ही खो जाओगे. और बच्चा डरा हुआ हो तो आवाज नहीं देता, छुप जाता है."

लपलेलं मूल होणार होत्या आमच्या वंदनाताई, मूळच्या धुळ्याकडच्या. चतुर्थीचा कडक उपवास, त्यात शुगरची गोळी सकाळीच घेतलेली.

"ताई, आज दुसरं कोणी मूल होऊ दे," मी म्हटलं.

"माले काही व्हस नही, नाना! तुम्ही शोधा म्हणजे झालं."

हसत हसत त्या आत जाऊन लपल्या. शटर अर्धं खाली आलं.

पट्टी बांधून मी आत रांगलो. पत्रा तापलेला, कोऱ्या कापडाच्या खळीचा वास. हाक मारली. उत्तर नाही. नसणारच! बाई काय अभिनय करतायत, वा! मी खूश.

...आणि कोणीतरी माझ्या उजव्या हाताचा अंगठा धरला.

अख्ख्या मुठीत. रस्ता ओलांडताना लहान मुलं धरतात ना, तस्सा. मूठ गार. त्या भट्टीत गार!

"जिग्नेशभाई, चीटिंग नको हं!"

"हुं तो बहार छुं!" आवाज लांबून, शटरकडून आला. "दीवार पकडो, नाना!"

अंगठा ओढला गेला. आधी हलकेच, मग जोरात. पावलांचा आवाज नाही, श्वास नाही... नुसती ओढ. मी भिंत घट्ट धरून बसलो. पण पोरांमध्ये इतकी वर्षं काढल्यावर एक गोष्ट कळते – मूल खेळायला ओढतंय, की कुणाला तरी काहीतरी झालंय म्हणून ओढतंय.

मी भिंत सोडली.

गाठींच्या मधल्या बोळात माझा हात एका चेहऱ्याला लागला. घामाने चिंब.

"ताई, पुरे आता अभिनय..."

मान एका बाजूला कलंडली. मी पट्टी खेचून काढली. वंदनाताई बेशुद्ध. आणि माझ्या अंगठ्याशी – कोणी नाही.

जिग्नेशभाईंनी आणि मी त्यांना उचललं, रिक्षात घातलं, दवाखाना गाठला. साखर पार खाली गेली होती. "आणखी थोडा उशीर झाला असता तर..." डॉक्टर म्हणाले. भिंतीच्या कडेने फिरत राहिलो असतो, तर तो उशीर झालाच असता.

सलाईन चढल्यावर ताईंनी डोळे उघडले. पहिला प्रश्न – "ते पोरगं बाहेर आलं का?"

"कोणतं पोरगं?"

"तेच, माझ्याआधी येऊन लपलेलं. अंधारात तोंड दिसलं नाही, पण माझा हात सोडत नव्हतं. मला गरगरायला लागलं तसं म्हटलं, जा बेटा, नानांना घेऊन ये."

अंगठ्याबद्दल मी तोवर कुणापाशीच अवाक्षर काढलं नव्हतं. माझी 'चीटिंग'ची हाक ऐकलेल्या जिग्नेशभाईंकडे पाहिलं, तर ते माझ्याकडे असे बघत होते, जणू मीच भूत!

दुपारी आम्ही दोघं परत गेलो. शटर पूर्ण वर केलं, टॉर्च मारला, एकेक गाठ सरकवून पाहिली. कोणी नाही. मग देवळाची पायरीही न चढणारे जिग्नेशभाई गुडघ्यांवर बसले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "बेटा, सब घर गए. चल, तू भी चल."

आणि शटरसमोरून बाजूला सरकून त्यांनी वाट मोकळी केली.

याचा उलगडा मला आजही झालेला नाही. तुम्हाला झाला तर जरूर कळवा. शटर मात्र त्या दिवशी आम्ही उघडंच ठेवून आलो. मालक फोनवर खूप ओरडला. ओरडू दे!