आईची इंग्रजी क्रियापदं

बाबांच्या रिटायरमेंटला वर्ष उरलं होतं, दिल्लीतलं सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडावं लागणार होतं, आणि जन्मभर इतरांना खाऊ घालणाऱ्या आईला एकदा स्वतःचं असं काहीतरी करून पाहायचं होतं. नेमकं तेव्हाच माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीने विचारलं की वसंत विहारमधल्या काही परदेशी बायकांना मराठी पदार्थ शिकायचे आहेत, तुझी आई शिकवेल का? पहिला क्लास जमला तर दर शनिवारी. आई लगेच तयार झाली. "पण बोलणार मी," ती म्हणाली. "तू नुसती सोबत ये."

मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर तिला लागणाऱ्या इंग्रजी क्रियापदांचे गट पाडले. सुरीचे शब्द : पील, चॉप, स्लाइस. पाण्याचे : बॉइल, सिमर, स्टीम. तेलाचे वेगळे, आणि हाताचे, नीड म्हणजे मळणं वगैरे, वेगळे. रोज संध्याकाळी डायनिंग टेबलाशी आमची शाळा भरायची. आईच्या शंका संपत नसत. "रवा भाजतो, वांगं भाजतो, पापड भाजतो. अच्छा, तिन्हीला रोस्टच? मग त्यांना कळतं कसं?"

"आई, फाटे फोडू नकोस, पाठ कर," मी मास्तरणीच्या तोऱ्यात म्हणायचे. तिने केलं. तीन आठवड्यांनी तिचा एकही शब्द चुकेना.

पहिल्या दिवशी कोथिंबीर वडी होती. सहा बायका वह्या घेऊन ओट्याभोवती उभ्या राहिल्या. आई ठेवणीतली साडी नेसली होती. "फर्स्ट, वी चॉप," ती म्हणाली, अगदी स्पष्ट. मग परातीत बेसन घेतलं, हात घातला आणि गप्प झाली. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. माझे कान तापले. खरं सांगायचं तर मला तिची काळजी वाटत नव्हती, या बायका माझ्याबद्दल काय म्हणतील याची वाटत होती. "नाऊ शी विल नीड," मी म्हणाले, आणि मग थांबलेच नाही. वडीच्या डब्यावर झाकण ठेवून आई बोलायला वळली, तोवर माझं 'स्टीम' सांगून झालं होतं. त्यानंतर तिने मान वर केली नाही.

परतताना मेट्रोत मी तिची समजूत घालत म्हणाले, "शब्द विसरलीस ना? होतं असं."

"विसरले नव्हते," ती म्हणाली. "उघड्या अन्नावर बोलत नाही मी. थुंकी उडते. झाकण ठेवलं की सांगणार होते."

लहानपणी मी परातीजवळ बडबडले की ती डोळे वटारायची. तीस वर्षं तिच्या हातचं जेवले आणि एवढंही माझ्या ध्यानात राहिलं नाही. मला तिच्याकडे बघवेना.

सोमवारी त्या बायकांपैकी एकीचा मला फोन आला. क्लास आवडला होता, दर शनिवारी या, आणि तुम्ही फार छान समजावता हो. तेव्हाच सांगायला हवं होतं की समजावणारी मी नव्हे. पण ते कौतुक मला गोड लागलं होतं. आईला निरोप दिला. ती मेथी निवडत होती. "तूच बोल," ती म्हणाली. "तुझं चांगलं आहे." तिला एकदा तरी आग्रह करावा, तेवढंही माझ्याने झालं नाही. मी बरं म्हणाले.

याला आता दोन वर्षं होतील. आई करते, मी बोलते. गेल्या महिन्यात क्लासला आलेल्या एका नव्या बाईने हळूच विचारलं, तुमच्या आईंना इंग्रजी येतं का?

"अ लिटल," मी म्हणाले. आई शेजारीच कोथिंबीर धूत होती.