तिला हसवायला गेलो तेव्हा

टायपिंगच्या क्लासात ओळख झालेल्या आम्ही तिघी. दादरचा तो क्लास केव्हाच बंद झाला, पण आम्ही टिकलो. मी गिरगावातली, विम्याच्या ऑफिसात. दुसरी काळाचौकीची, एका शाळेत हेडक्लार्क. तिसरी दादरची, मुंबईतल्या जुन्या ख्रिस्ती कुटुंबातली आणि तिघींत सगळ्यात विनोदी. टायपिंगचे सर शिंकण्याआधी जो चेहरा करायचे, तो ती इतक्या वर्षांनीही हुबेहूब करून दाखवायची. म्हणजे गेल्या वर्षीपर्यंत. गेल्या वर्षी तिचा नवरा हार्ट अटॅकने गेला आणि त्यानंतर ती आमच्यासमोर एकदाही हसली नाही.

रडायचीही नाही. फोन केला की उचलायची, विचारलं तेवढं सांगायची. मला हे सहन होत नव्हतं. कुणाचं काही बिघडलेलं दिसलं की मला त्यात लगेच हात घालावासा वाटतो. घरचे त्यावरून बोलतातही. म्हणून एका शनिवारी तिला फोर्टातल्या कलासंग्रहालयात न्यायचं मीच ठरवलं. तिथे काहीतरी चित्रविचित्र प्रदर्शन लागलं होतं.

काळाचौकीवाली म्हणाली, "आपल्याला त्यातलं काय कळणार?"

"कळायला कशाला हवं? आपण नावं ठेवू. ती हसेल."

पहिल्याच दालनात एक जुना फ्रिज उघडा ठेवलेला, आत काठोकाठ सिमेंट. मी म्हटलं, "हे आमच्या बिल्डिंगच्या कॉन्ट्रॅक्टरचं काम. तरीच गच्ची अजून गळते." काळाचौकीवाली खुदकन हसली. आम्ही दोघींनी दादरवालीकडे पाहिलं. ती फ्रिजचं हँडल निरखत होती.

पुढे भिंतभर कॅनव्हास, नुसता पांढरा. "ह्याने भिंतीला चुना लावलाय," काळाचौकीवाली म्हणाली, "की आपल्याला?" पुन्हा आम्ही वळून पाहिलं. तिने जरा मान हलवली आणि पुढे गेली.

मग मला घाई सुटली. एका जागी पाय ठरेना. पाटी वाचायच्या आत काहीतरी बोलायचं, ते पडलं की पुढच्या वस्तूकडे धावायचं. सिक्युरिटीवाला दोनदा "मॅडम, जरा हळू" म्हणाला. माझा घसा कोरडा पडला होता, तरी तोंड थांबत नव्हतं.

वरच्या मजल्यावर दोरीला पुरुषांचे सात शर्ट टांगले होते. कशात तरी बुडवून कडक केलेले, बाह्या पसरलेल्या, छाती फुगलेली. मी बोलून गेले, "एवढी कडक खळ, की आतला माणूस गेला तरी शर्ट उभाच."

'गेला' हा शब्द मला स्वतःलाच ऐकू आला. काळाचौकीवालीने माझा दंड घट्ट धरला. मी वळले तेव्हा दादरवाली जिन्याकडे निघाली होती.

"जाऊ दे तिला. पाच मिनिटं जाऊ दे," काळाचौकीवाली म्हणाली. पण मला पाच मिनिटंही धीर धरवेना. मी तिला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. खालचं दालन बघितलं, बाथरूम बघितलं, बाहेरच्या पायऱ्यांवर जाऊन आले. सिक्युरिटीवाल्याला विचारलं, "उंच बाई, निळा कुर्ता, बॉबकट?" त्याने मधल्या मजल्यावरच्या काळ्या पडद्याकडे बोट केलं.

पडद्यापाशी पोचले आणि आतून हसू ऐकू आलं. तिचंच. नाकातून सुरू होऊन मोठं होत जाणारं, तीस वर्षं ओळखीचं. मी पडदा सारून आत गेले. अंधाऱ्या खोलीत एक व्हिडिओ चालला होता. सूटबूट घातलेला एक माणूस गाढवाला खुर्चीवर बसवायचा प्रयत्न करत होता. बाकावर ती एकटीच होती. मला बघितलं आणि तिचं हसू थांबलं.

"सॉरी गं," मी म्हटलं. "ते शर्टाचं... मला तसं म्हणायचं नव्हतं."

"शर्टाचा विनोद बरा होता," ती म्हणाली. "पण तुम्ही दोघी प्रत्येक वेळी बोलून झालं की माझ्याकडे बघता. हसली का, हसली का. वर्षभर हेच चाललंय. घरीही तेच, चर्चमध्येही तेच. मला परीक्षेला बसवल्यासारखं वाटतं."

मी बाकावर टेकायला गेले.

"नको," ती हळूच म्हणाली. "तू बाहेर थांब. मी हे पूर्ण बघून येते."

मी बाहेर आले. थोड्या वेळाने काळाचौकीवालीही आली. मी काही सांगण्याआधी तिला आतलं हसू ऐकू आलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मी मान डोलावली. आम्ही दोघी पडद्याबाहेर उभ्या राहिलो. मला आनंद झाला होता, आणि खरं सांगायचं तर रागही आला होता. एवढा आटापिटा मी केला आणि ती हसली कुणा अनोळखी माणसाच्या गाढवाला.

नंतर आम्ही चहा प्यायलो. ती बसच्या रांगेत उभी राहिली, तेव्हा तिच्याकडे बघायचं नाही म्हणून मी मुद्दाम रस्त्याकडे बघत बसले.

आता ती प्रदर्शनं बघायला एकटीच जाते. अधूनमधून एखादा फोटो पाठवते, खाली एक अक्षरही लिहीत नाही. परवा आला तो दोन तोंडांच्या चहाच्या किटलीचा होता. मी दोन ओळी टाइप केल्या, पुसल्या, पुन्हा केल्या. तासाभराने नुसतं "बघितली" असं लिहून पाठवलं, आणि तिने वाचलं का ते दिवसभर बघत राहिले.