प्रोफेसरांचा शेवटचा सदरा

विद्यापीठात काचेच्या पेटीत एक मळका सदरा ठेवलाय. मनगटापासून कोपरापर्यंत दोन्ही बाह्यांवर शाईने बारीक खुणा आहेत. लांबलांबची विद्वान माणसं येतात, टोप्या काढतात, चष्मे पुसून वाकून बघतात. प्रोफेसर ओरेस्ते मालिन्वेर्नींचं हे शेवटचं गणित. पॅरिसमध्येसुद्धा ते त्यांच्याच नावाने शिकवतात म्हणे. खाली सोनेरी अक्षरांत प्रोफेसरांचं नाव आहे. देसोलीनामावशीचं कुठेच नाही, आणि मला त्याचा अजून राग येतो.

पाविआ शहराच्या पुलापलीकडे आम्हा धोबिणींची वस्ती. तिचीनो नदीच्या काठावर मावशीशेजारच्या फळीवर गुडघे टेकून मी अर्धा जन्म काढला. धुकं असलं की पलीकडचा काठ नाहीसा व्हायचा आणि आपण धुतोय ते कपडे की ढग, हेच कळायचं नाही. मावशी मध्येच हात थांबवून प्रवाह जातो त्या दिशेला बघत राहायची. तिचा नवरा प्रीमो नावाडी होता. एका पुरात गेला. नाव मिळाली, तो मिळाला नाही.

प्रोफेसरांना सुचायचं तेव्हा कागद हाताशी नसायचा, बाही मात्र असायची. मावशीने त्यांचा सदरा पहिल्यांदा धुतला, तेव्हा ते धापा टाकत नदीवर आले.

"अहो बाई, तीन दिवसांचं गणित होतं त्यावर!"

"डाग होता, काढला. देसोलीनाने डाग ठेवला असं कोणी म्हणून तर दाखवावं."

ते चिखलात मटकन बसले आणि हसत सुटले.

कपडे ओळखू यावेत म्हणून आम्ही त्यांच्यावर लाल दोऱ्याने खूण घालतो. मावशीला अक्षरओळख नव्हती. पण तेव्हापासून सदरा पाण्यात घालण्याआधी ती प्रत्येक खूण जशीच्या तशी एका जुन्या चादरीवर लाल दोऱ्याने भरायला लागली. दर गुरुवारी प्रोफेसर वाळत घातलेल्या कपड्यांमधून वाट काढत यायचे आणि चादर मांडीवर पसरून वाचत बसायचे. साबणाचा वास, पाण्याचा आवाज, धुक्यात पुटपुटणारा तो म्हातारा. ती वर्षं मी जागेपणी जगले की झोपेत, कोण जाणे.

"या आठवड्यात खुणांमधले ते उभे साप कमी दिसतायत, साहेब. जेवत नाही का?"

"सापच मला खातायत, देसोलीनाबाई."

"मग मक्याचा पोलेंता उरलाय, चला. त्यांनाही वाढते."

एका फेब्रुवारीत दुपारी त्यांची मोलकरीण चेझीरा मावशीच्या घरी आली. मी तिथेच होते. तिच्या हातात हाच सदरा होता.

"पहाटे गेले. उद्या सकाळी दफन. हा एकच बरा सदरा आहे, तेवढा धुऊन दे."

मावशीने बाह्या उलगडल्या. तापातसुद्धा लिहीतच होते बिचारे. इतकं त्यांनी कधीच लिहिलं नव्हतं.

"हे भरायला चार दिवस लागतील," ती म्हणाली.

"भरतेस कशाला? धू आणि मोकळी हो," मी म्हटलं. "ज्याला कळत होतं तो गेला. मेलेल्या माणसाला मळका सदरा घालून देवापुढे पाठवणार का?"

"तो गेला म्हणूनच. आता परत कोण लिहून देणार?" तिने सदऱ्याची न धुता घडी घातली. जन्मात पहिल्यांदा तिने डाग ठेवला.

"मग काय उघडेच पुरू त्यांना?" चेझीरा रडायला लागली.

मावशीने पेटी उघडली आणि तळातून प्रीमोचा लग्नातला सदरा काढला. दर ईस्टरला ती तो धुऊन, कडक इस्त्री करून परत ठेवायची. नदीने त्याला कधीतरी परत दिलं, तर त्याच्या अंगावर घालायला.

मी तिचा हात धरला. "मावशी, हा नको गं. काका सापडले तर?"

तिने हात सोडवून घेतला. बाह्या प्रोफेसरांना लांब झाल्या असत्या, म्हणून आत दुमडून टाके घातले. इस्त्री तापलीय का ते ओल्या बोटाने पाहिलं.

"नाही गं सापडायचा तो आता," ती म्हणाली. बावीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाली, आणि इस्त्री कॉलरवर टेकवली.