ओस्लो कुठं गेलं?

आमच्या जेवणाच्या टेबलावर काच आहे. गेल्या उन्हाळ्यात त्या काचेखाली स्कँडिनेव्हियाचा नकाशा होता. जेवणं झाली की सांडलेलं वरण पुसताना माझा हात रोज डेन्मार्कवरून निघून फिनलंडपर्यंत जायचा. तेवढाच माझा प्रवास झाला.

नकाशा लेकीने पाठवला होता. ती स्वीडनमध्ये, गोथेनबर्गला नोकरी करते. जूनमध्ये या म्हणाली, तेव्हा तिकडे रात्र नावापुरतीच होते. ती रेल्वेची तिकिटं काढणार होती. हे म्हणाले, "रेल्वे कशाला? गाडी भाड्यानं घेऊ. मी चालवतो." आमच्या घरात ह्यांनी "मी चालवतो" म्हटलं की विषय संपतो.

हे अजिंठ्याकडच्या एका खेड्यातले. वडिलांच्या ट्रॅक्टरवर हात बसला आणि पुढे शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागल्यावर जालना रोडवरून वर्षानुवर्षं गाडीने ये-जा केली. गाडीवर ओरखडा म्हणून नाही. लेकीच्या मार्कांपेक्षा गाडीच्या पत्र्याचं कौतुक जास्त, असं मी चिडवायचे, आणि ते खोटंही नव्हतं. मी शाळेत भूगोल शिकवला. त्यामुळे रस्ता त्यांचा आणि नकाशा माझा, अशी आमची जुनी वाटणी.

मार्ग ठरला. कोपनहेगनला उतरायचं, मोठा पूल ओलांडून माल्मो, तिथून वर लेकीचं गोथेनबर्ग, मग ओस्लो आणि शेवटी उजवीकडे वळून स्टॉकहोम. ह्यांनी लाल स्केचपेनाने काचेवरच रेघ ओढली. चुकलं तर पुसता येतं, म्हणाले. भर मेमध्ये, कूलरचं पाणी सुद्धा कोमट झालेलं असताना, आम्ही गुलमंडीच्या बाजारात जाऊन लोकरीचे हातमोजे मागितले. दुकानदाराने आधी आमच्याकडे आणि मग बाहेरच्या उन्हाकडे पाहिलं. "तबियत तो ठीक है ना, साहब?" हे मोठ्याने हसले. निघताना दाराच्या डाव्या अंगाला टांगलेल्या टॉवेलांच्या गठ्ठ्यात सरळ तोंड घालून धडकले, तेव्हा दुकानदारही हसला. मीही हसले.

खरी तयारी वेगळीच होती. तिकडे गाडी रस्त्याच्या उजवीकडून चालवतात. ह्यांनी त्याची सवय करायचं मनावर घेतलं. संध्याकाळी फिरायला निघालो की रस्त्याच्या उजव्या कडेने चालायचं आणि तोंडाने जप केल्यासारखं "उजवीकडून, उजवीकडून" म्हणायचं. मला शिकवायचे, "तिकडं समोरची गाडी आपल्या डाव्या हाताला येती. तेवढं ध्यानात ठेवायचं. बाकी सगळं सारखंच." मी कुठे गाडी चालवणार होते? पण ऐकून घ्यायचे.

त्याच सुमारास त्यांचं ताटातलं टाकणं सुरू झालं. आमच्याकडे ताट वाढायची रीत ठरलेली: उजवीकडे भाज्या-आमटी, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. आईने शिकवलेलं, हातच तसा वळतो. आणि हा माणूस असा, की ठेचा नसला तर अर्धपोटी उठेल. आता ठेचा तसाच राहायला लागला. कोशिंबिरीला बोट लागेना. मी मनाशी म्हटलं, तिकडे कुठला मिळणार ठेचा, म्हणून जीभ आवरायची सवय करतायत. लेकीला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, बाबा आत्ताच स्वीडनचे झाले. एकदा जेवता जेवता हे म्हणाले, "हल्ली चटणी करायचं सोडलंस वाटतं तू." टोमणे मारण्यात ह्यांचा हात कोणी धरू शकत नाही. मला वाटलं, जास्त तिखट झाली म्हणून बोलतायत. मीही ठसक्यात म्हटलं, "डोळे शाबूत आहेत ना? समोर आहे ती काय आहे?" त्यांनी ताटाकडे पाहिलं आणि भाकरी मोडली. उलट उत्तर न देता ह्यांनी जेवण संपवल्याचं मला आठवत नव्हतं.

मग एका सकाळी गाडीचा डावा आरसा लोंबकळत होता. ह्यांनी कॉलनीतल्या झाडून सगळ्या स्कूटरवाल्यांना शिव्या घातल्या. दारावर मात्र लांबलचक ओरखडा होता आणि त्यात आमच्याच फाटकाचा हिरवा रंग भरलेला. मी फाटकाकडे जाऊन पाहिलं. तिथे गाडीचा पांढरा रंग होता. मी आत आले. ज्या माणसाचा सगळा मान गाडीच्या पत्र्यात आहे, त्याला हे कसं सांगायचं ते मला सुचेना.

फिरताना मी त्यांच्या डाव्या हाताला चालते, पहिल्यापासून. एका संध्याकाळी मी बोलत होते आणि हे मध्येच थांबून उजवीकडे मान वळवून म्हणाले, "अगं, कुठं राह्यलीस?"

"ही काय, इथंच आहे की!"

पूर्ण वळून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मला आवडलं नाही. मग म्हणाले, "पाय लई हळू उचलतीस तू." दिवेलागणीची वेळ होती, रस्त्यावर पोरं क्रिकेट खेळत होती, सगळं नेहमीचं.

काचेवरची रेघ दर दोन-चार दिवसांनी बदलायची. आधी ओस्लो गेलं. मी विचारलं, "ओस्लो कुठं गेलं?" तर म्हणाले, "लई महाग हाय म्हणतात." पटण्यासारखं होतं. मग रेघ आणखी सरकली. एका रविवारी लेकीशी व्हिडिओवर बोलत असताना मी फोन टेबलावर धरला आणि ह्यांनी नवा मार्ग दाखवला: स्टॉकहोम, तिथून बोटीने तुर्कू, मग हेलसिंकी. फिनलंड स्कँडिनेव्हियात धरत नाहीत, हे माझ्या तोंडावर आलं होतं. पण लेक त्याआधी बोलली.

"बाबा, ह्याच्यात मी कुठंय?"

हे काचेवर वाकले. बोट स्टॉकहोमपासून इकडे-तिकडे फिरलं आणि तिथल्या तिथेच घोटाळत राहिलं. गोथेनबर्ग त्यांच्या डाव्या मनगटाच्या पुढेच होतं. स्वतःच्या हाताने त्यांनी त्या गावाभोवती पूर्वी गोल केलेला होता, तो अजून पुसलेलासुद्धा नव्हता.

"तू येशीलच की स्टॉकहोमला," ते म्हणाले. आवाज चढला होता. "बापासाठी एवढं नाय होत व्हय?"

लेक हसली नाही. मला वेगळा फोन करून तिने विचारलं, "आई, बाबा बरे आहेत ना?" मी म्हटलं, उन्हाने डोकं तापलंय. माझाच आवाज मला खोटा वाटला.

गाडी उजवीकडून चालवून बघायची म्हणून शेंद्र्याची जागा ह्यांनीच शोधली. कारखान्यांना सुट्टी असली की आतले रुंद रस्ते ओस पडतात. पुढच्या सुट्टीला सकाळीच निघालो. मी नेहमीप्रमाणे शेजारी, त्यांच्या डावीकडे. त्या मोकळ्या रस्त्यावर ते उजवीकडून इतक्या सफाईने गाडी चालवत होते, की मला धीर आला. चेहरा खुलला होता त्यांचा. "बघ, जमलं का नाय? पाण्यावानी." मलाही वाटलं, उगाच घाबरलो आपण. वय झालं, फाटक घासलं, एवढंच.

परत येताना जालना रोडला लागलो. आता डावीकडून चालवायचं होतं, पण गाडी सारखी मधल्या दुभाजकाकडे ओढ घेत होती. मी म्हटलं, "अहो, सराव संपला." ते म्हणाले, "म्हायतीये." आणि पुढे एका वळणाला त्यांनी गाडी डावीकडे घेतली. तिथे मोटारसायकल होती. नवरा, बायको, मध्ये लहान मूल, माझ्या खिडकीला हात लावता येईल इतकी जवळ. त्या बाईचे डोळे मला दिसले. मी किंचाळले. ह्यांनी ब्रेक मारला, मोटारसायकल लडखडत मातीत उतरली, पण पडली नाही. तो माणूस उतरून आमच्या बॉनेटवर हात आपटत ओरडत होता, "दिखता नहीं क्या? बच्चा है साथ में!"

हे स्टिअरिंग धरून बसले होते. मला हळूच म्हणाले, "ते आलं कुठनं?"

"आपल्या बरोबरीनंच चाललं होतं. कधीपासून."

"नाय," ते म्हणाले. "तिथं काहीच नव्हतं."

घरी आल्यावर मी पानं वाढली, कारण दुसरं काय करावं कळत नव्हतं. ते जेवत होते आणि मी पहिल्यांदाच नीट पाहत होते. नुसती चटणी-कोशिंबीर राहत नव्हती. भाताच्या मुदीची उजवी बाजू खाऊन झाली होती आणि डावी तशीच उभी होती, सुरीने कापल्यासारखी. भाकरीचं तेच. त्यांनी बोटं चाटली आणि म्हणाले, "झालं माझं. भात कमी वाढलास आज."

मी हात पुढे केला आणि त्यांचं ताट अर्धं फिरवलं. डावी बाजू उजवीकडे आली.

"अरे," हे खुश होऊन म्हणाले, "कोशिंबीर हाय व्हय! आत्ता केलीस?"

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून रडले. नंतर गाडीची किल्ली खुंटीवरून काढून तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवली.

डॉक्टरांनी कागदावर घड्याळ काढायला सांगितलं. ह्यांनी गोल काढला आणि सगळे आकडे उजव्या अर्ध्यात दाटीवाटीने बसवले. डावा अर्धा कोरा. "झालं," म्हणाले, आणि कागद आत्मविश्वासाने पुढे सरकवला. डोळ्यांना काही झालं नव्हतं. डोक्यात, उजव्या बाजूला, गाठ वाढत होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं, की त्यांना डावीकडे अंधार दिसत नाही. त्यांच्या लेखी डावीकडे असं काही नसतंच, म्हणून त्यांची तक्रारही नसते. मला तो नकाशा आठवला. ओस्लो, मग लेकीचं गाव.

जूनमध्ये लेकच इकडे आली. गाठ काढली, सगळी निघाली नाही. डावी बाजू थोडीशी परत आली, बाकीचं कोणी सांगत नाही. गाडी विकली, त्या दिवशी हे फाटकापर्यंतही आले नाहीत. आता मी सगळीकडे त्यांच्या उजव्या हाताला असते आणि जेवण अर्धं झालं की ताट फिरवते. प्रवासाचा विषय मी काढला नाही, त्यांनीही नाही. गाठ पुन्हा वाढली, तर आधी काय जाईल, हा विचार मी करते. त्यांना बोलून दाखवत नाही.

परवा तपासणीहून रिक्षाने परत येत होतो. मी आधी त्यांना आत बसवलं आणि वळसा घालून दुसऱ्या बाजूने चढले, त्यांच्या उजवीकडे. जालना रोडला गर्दी होती. बराच वेळ हे बाहेर बघत होते. मग माझा हात धरून म्हणाले, "तिकडं गेलो असतो, तर गाडीत तू अशीच बसली असतीस. माझ्या उजव्या अंगाला."

"हो," मी म्हटलं.

"दिसत राह्यली असतीस सारखी. मला वाटलं असतं, सगळं बेस चाललंय." हात घट्ट झाला. "आन् समोरच्या गाड्या डावीकडनं आल्या असत्या."